रिट्रीट हाउसमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाताय? सपाता घेतल्या का?

पासपोर्ट, औषधं, गरम कपडे हे मी सांगायला नको, ते तुम्ही घेणारच. मी सपातांबद्दल सांगणार आहे. घरात घालायच्या, मऊ, कापडी, तळ असा की लाकडी फ्लोअरवर चालताना तुमचा तुम्हालाच आवाज येऊ नये. रबरी स्लीपर नाही. परत सांगते, रबरी स्लीपर नाही, कारण मी त्याच घेऊन गेले होते.

इंग्लंडमधलं इग्नेशियन रिट्रीट हाउस होतं, म्हणजे संत इग्नेशियस या कॅथलिक संताच्या पद्धतीने मौनात प्रार्थना करायला लोक येतात तसलं. कोणी ८ दिवसांसाठी येतं, कोणी पूर्ण ३० दिवसांसाठी. दिवसातून एकदा आपल्या डायरेक्टरशी, म्हणजे प्रार्थनेत वाट दाखवणाऱ्या माणसाशी, अर्धा-पाऊण तास बोलायचं, बाकी वेळ गप्प, जेवतानाही. ३० दिवसवाल्यांना मध्ये मोजकेच दिवस बोलायची मुभा असते, तेवढीच. मी पोचले तेव्हा नेमकी ३० दिवसांची रिट्रीट चालू होती. पहिल्या सकाळी सव्वासहाला नाश्त्याची टेबलं लावायला निघाले, लांबलचक लाकडी कॉरिडॉर, दोन्हीकडे बंद दारं, आणि पायात माझ्या स्लीपर, चटाक फटाक चटाक फटाक. मला वाटलं सगळे झोपलेत, काय फरक पडतो. झोपलेलं कोणी नव्हतं, सगळे प्रार्थनेला बसले होते. दुपारी माझ्या दाराखाली चिठ्ठी, इतक्या गोड इंग्रजीत की दोनदा वाचल्यावर कळलं, आपल्याला झापलंय.

मग नुसत्या मोज्यांवर फिरायला लागले. दुकान लांब, बस दिवसातून मोजून दोन-तीन, सुट्टी आठवड्यातून एक. चौथ्या दिवशी जिन्यावर मोजा घसरला, हातात ट्रे, ट्रेमध्ये बारा कप. त्या घरात कप फुटल्याचा आवाज कसा येतो ते लिहून सांगता येणार नाही. एक वयस्कर बाई खोलीतून बाहेर आली, काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, गुडघे टेकून माझ्यासोबत तुकडे वेचले, कपाचा शेवटचा कान ट्रेमध्ये ठेवला आणि आत गेली. मला त्या क्षणी कोणीतरी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. तर सपाता. बॅगेत सगळ्यात वर ठेवा, रात्री उशिरा पोचलात तरी हाताशी येतील अशा.

आता व्हिसा, कारण यात लोक गंडतात. थोडे दिवस जायचं असेल तर व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटियरिंग चालतं, पण एकूण ३० दिवसच, आणि तेही रजिस्टर्ड चॅरिटीसाठी, म्हणजे तिथल्या नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्थेसाठी. जास्त राहायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा, तो १२ महिन्यांपर्यंत मिळतो. त्यासाठी त्या संस्थेकडे स्पॉन्सर लायसन्स (बाहेरच्या देशातून माणसं बोलवायचा सरकारी परवाना) पाहिजे आणि त्यांनी तुमच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप दिल्याशिवाय तुमचा अर्ज पुढे सरकत नाही. "तुम्ही या तर आधी, मग बघू" असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. अर्ज काम सुरू व्हायच्या तारखेच्या फार तर ३ महिने आधी करता येतो. सहा महिन्यांच्या वर राहणार असाल तर भारतातून जाणाऱ्यांना टीबीची टेस्ट लागते, तीही ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकमधूनच, कोपऱ्यावरच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. आणि या कामाला पगार नसतो, राहणं-जेवण मिळतं, हे घरच्यांना आधीच सांगून टाका म्हणजे दर फोनवर तोच विषय निघत नाही.

काम काय असतं? प्रार्थना कमी आणि चादरी जास्त. पाहुणे बदलायच्या दिवशी एक तुकडी सकाळी जाते, दुसरी संध्याकाळपर्यंत येते, मधल्या वेळात खोल्या झाडायच्या, बेडवरच्या चादरी काढायच्या, धुतलेल्या घालायच्या. कमरेचा त्रास असेल तर आधी सांगा, लाजू नका. व्हॅक्यूम क्लीनर कधी चालवायचा याची ठरलेली वेळ असते, ती पहिल्याच दिवशी विचारा. किचनसाठी बंद बूट हवेत, न घसरणारे, सपाता तिथे चालणार नाहीत (हो, म्हणजे दोन्ही न्यायचं, एकाच्या जागी दुसरं नाही). चॉपिंग बोर्ड रंगांवर असतात, लाल कच्च्या मांसाला, निळा कच्च्या माशाला, हिरवा सॅलड आणि फळांना, ब्राऊन भाज्यांना, पिवळा शिजवलेल्या मांसाला, पांढरा ब्रेड आणि चीजला. मी लाल बोर्डावर काकडी चिरली, सगळी काकडी कचऱ्यात. अ‍ॅलर्जीचे १४ पदार्थ त्यांच्या कायद्यात ठरलेले आहेत, त्यात तीळ आणि मोहरीपण येते, तेव्हा प्रेमाने स्वतःच्या मनाची फोडणी घालायला जाऊ नका.

आवाजाचंच अजून. मोबाईलचा अलार्म भिंतीपलीकडे जातो, व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवा. चालताना खसखस वाजणारं जॅकेट, किल्ल्यांचा जुडगा, आणि प्लास्टिकच्या पिशव्या! बॅगेत कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची आपली सवय असते ना, रात्री दहाला एक पिशवी उघडून बघा, कापडी पिशव्या का म्हणते ते कळेल. पण हे सगळं एकवेळ चालून जाईल, सपाता नसतील तर नाही.

घरी फोन करायची वेळ जायच्या आधी ठरवा. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. रात्रीची भांडी आवरून नऊला मोकळे झालात की इथे दीड-अडीच वाजलेले, आई जागी राहणार आणि दुसऱ्या दिवशी चिडणार. दुपारच्या ब्रेकमध्ये करा, बागेत जाऊन करा, खोलीतून नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मोबाईल आपोआप बदलतो, मनगटावरचं नाही. मी त्या रविवारी तासभर आधीच चॅपलमध्ये जाऊन बसले होते, पायात मोजे.

प्रार्थनेला यावंच लागतं का, तुम्ही कॅथलिक नसाल तर काय, हे मेलवर स्पष्ट विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. सुट्टीचा दिवस कोणता तेही. दुसऱ्या आठवड्यात ती शांतता अंगावर येते, तेव्हा चालायला जा, दुसऱ्या व्हॉलंटियरशी किचनमध्ये दार लावून गप्पा मारा, त्याला कोणी काही म्हणत नाही. डिसेंबरमध्ये चारला अंधार पडतो, टॉर्च न्या. तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर, दोन न्या.

निघताना बेडवरच्या चादरी काढा, खोली झाडा, किल्ली परत द्या, उरलेलं सामान वाटून टाका. सपाता तिथेच बुटांच्या खोलीत ठेवून आलात तरी चालेल, फक्त धुवून. साइज आत पेनाने लिहा.