उष्णता सोसणारे आणि उष्णता अडवणारे साहित्य: घरासाठी निवड कशी करावी

'उष्णतारोधक' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गुणांसाठी वापरतो आणि निवडीतील बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. काही पदार्थ उष्णता सोसतात, तर काही ती अडवतात. लोखंड १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला तरी छपराच्या पत्र्याला काही होत नाही. पण तोच पत्रा सगळे ऊन घरात उतरवतो. याउलट थर्माकोल उष्णता उत्तम अडवतो, मात्र शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि ठिणगी लागली की पेटतो. म्हणून साहित्य घेण्यापूर्वी ते किती तापणार आहे आणि पलीकडे किती धग जाऊ द्यायची आहे, या दोन्ही गोष्टी ठरवाव्यात.

मातीच्या चुलीत हे दोन्ही गुण एकत्र लागतात. चूल निव्वळ काळ्या मातीची घालू नये, कारण ती माती पाण्याने फुगते व वाळताना आक्रसते, आणि उन्हाळ्यात शेतात पडतात तशाच भेगा चुलीला पडतात. गावठाणातील पांढरी माती किंवा वारुळाची माती चाळून घ्यावी, तिच्यात गव्हाचा बारीक भुसा व थोडे शेण मिसळून ती रात्रभर भिजू द्यावी आणि सकाळी पायांनी चांगली तुडवावी. माझी आजी या चिखलाचा गोळा मुठीत दाबून पाहत असे. बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आणि कडा फाटल्या नाहीत, तरच ती चूल घालायला बसे. भुसा ओल्या मातीला धरून ठेवतो, आणि धगीने आतल्या बाजूचा भुसा जळून गेल्यावर ज्या बारीक पोकळ्या उरतात, त्यांतील अडकलेली हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. चूल सावलीत वाळवावी व पहिल्या दिवशी तुराट्यांचा मंद जाळ करावा. तीन दगडांची चूल मांडायची असेल, तर ओढ्यातील ओले दगड घेऊ नयेत; आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

गुऱ्हाळाच्या किंवा हॉटेलच्या भट्टीला मात्र अग्निविटाच, म्हणजे तीव्र धग सोसणाऱ्या खास मातीच्या विटाच वापराव्यात आणि त्या त्याच अग्निमातीच्या पातळ थरात बसवाव्यात. साधे सिमेंट येथे टिकत नाही, कारण त्याला घट्ट करणारे पाणी तीव्र उष्णतेने निघून जाते आणि सांधे भुसभुशीत होतात.

ज्वारीच्या भाकरीला कडक तापलेला तवा लागतो, म्हणून तो लोखंडी किंवा बिडाचाच असावा. नॉनस्टिक भांड्याचा लेप २६० अंशांच्या वर गेल्यास खराब होऊ लागतो व त्यातून घातक धूर निघतो. असे भांडे मोठ्या आचेवर रिकामे तापवू नये. बोरोसिलिकेट काच, म्हणजे स्वयंपाकाच्या भांड्यांची खास काच, तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते व म्हणून सहज तडकत नाही, तरीही गरम भांडे ओल्या ओट्यावर ठेवणे टाळावे. कुकरची बेकेलाइटची (कडक काळ्या प्लास्टिकची) मूठ वितळत नाही, पण ज्योत भांड्याबाहेर आली तर करपून तडकते.

छपराचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ऊन अडवत असे, परंतु १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची जड घरे कोसळली आणि डोक्यावरच्या या भाराचा धोका कळला. आज पत्र्याखाली थोडी मोकळी जागा सोडून छत लावावे आणि त्यावर न जळणारी रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) अंथरावी. चुलीच्या वर तुराट्यांचे किंवा गोणपाटाचे छत करू नये. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापू वा भोकसू नये, कारण त्याचे तंतू फुप्फुसात जातात. लोखंडी पत्र्याचा गंज खरवडून वरून पांढरा परावर्तक रंग द्यावा. स्लॅबला चुन्याचे दोन हात पुरतात. कळीचा चुना भिजवताना पाणी उकळू लागते, म्हणून तो प्लास्टिकच्या बादलीत न भिजवता लोखंडी पिंपात भिजवावा, डोळ्यांना चष्मा लावावा, आणि चुन्यावर पाणी न ओतता पाण्यात थोडाथोडा चुना सोडावा.