विटा-दगडांची भिंत रंगवताना या चुका टाळा

डिजिटल चित्रातली विटांची भिंत खोटी वाटते ती बहुधा ब्रशमुळे नव्हे, तर ती कोणीतरी थरावर थर रचून बांधलेली असते याचा चित्रकाराला विसर पडल्यामुळे. काही वर्षांपूर्वी एका मुखपृष्ठासाठी मी शनिवारवाड्याचा तट रंगवला होता. खाली दगड आणि वर विटा एवढे ठाऊक असल्यामुळे वरच्या भागावर मी आयते टेक्श्चर, म्हणजे विटांच्या पृष्ठभागाचे तयार चित्र, ताणून बसवले आणि खालचे चित्र गडद करणाऱ्या मल्टिप्लाय लेयरने रंग चढवून मोकळा झालो. आयुष्यभर गवंडीकाम केलेल्या माझ्या मामांनी ते पाहून विचारले, “पेशव्यांनी ही वीट कुठल्या भट्टीवरून आणली रे?” माझ्या विटा आजच्या, जाडजूड होत्या, पेशवेकालीन वीट चपटी असते. शिवाय टेक्श्चरचे दोन तुकडे जुळले होते तिथे सांध्यावर सांधा येऊन तटाला वरपासून खालपर्यंत चीर गेल्यासारखे दिसत होते. सगळे पुसून पुन्हा केले.

तेव्हापासून मी आधी थर मोजतो. आजची मॉड्युलर वीट 90 मिलिमीटर उंच, त्यात 10 मिलिमीटरची दरज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, धरली की दोन मीटरच्या दारालगत 20 थर बसतात. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू दाबून रॅप अराउंड मोड (एकच तुकडा चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा दाखवणारी सोय) चालू केला की टेक्श्चरच्या तुकड्याच्या कडा रंगवतानाच जुळवता येतात.

दरजा काळ्या रेघेने आखणे हा दुसरा, माझ्या डोक्यात जाणारा प्रकार. दरजेत चुना किंवा सिमेंट असते आणि ते अनेकदा विटेहून फिके असते. उजेड वरून येत असेल, तर वरच्या विटेच्या खालच्या कडेलगत बारीक सावली पडते आणि खालच्या विटेची वरची कड उजळते; हे दोन फटकारे प्रत्येक विटेला वेगळ्या जोराने द्यावेत. नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते आणि ते “ब्रश कोणता?” असे विचारत राहतात.

सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा एकाच ब्रशने रंगवू नयेत; घडीव पाषाणावर छिन्नीचे घाव दिसतात, तर जांभ्याला भोके असतात. भिंत थ्रीडीत वापरायची असेल आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठीचा नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचा उंचसखलपणा रंगांत नोंदवणारे चित्र) अनरिअल या गेम इंजिनमध्ये नेल्यावर दरजा फुगलेल्या दिसल्या, तर त्या मॅपचा हिरवा चॅनल, म्हणजे त्यातला हिरव्या रंगाचा भाग, उलटा करावा. शेवाळ भिंतभर शिंपडू नये. पागोळ्यांचे पाणी उडते तेवढ्याच पट्ट्यात ते रंगवावे.