गळती-तडे तपासायच्या लायनीत येताय? मग या चुका टाळा

सिव्हिल झालं, साइटवर दोन-तीन वर्षं घासली आणि आता बांधकामातले दोष तपासायच्या, ऑडिटच्या कामात यायचंय, असं म्हणणारी बरीच पोरं भेटतात. या म्हणजे नक्की या, मुंबई-ठाणे-पुण्यात या कामाला मरण नाही. पण सुरुवातीला मी जे शेण खाल्लं ते तुम्ही खाऊ नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डाग बघितल्या बघितल्या कारण सांगून टाकणं. ठाण्यातल्या एका सोसायटीत हॉलच्या सीलिंगला ओल, पापुद्रे सुटलेले, बरोबर वर बाथरूम. मी पाच मिनिटांत शेरा मारला की वरच्यांचं वॉटरप्रूफिंग गेलंय. वरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी टाइल्स फोडल्या, कोबा नवीन केला, पैसे गेले ते गेलेच, आणि पुढच्या जूनमध्ये डाग परत त्याच जागी, उलट हातभर मोठा झालेला. मग अक्कल आली आणि खालच्या आजींना विचारलं की हे ओलं कधी होतं हो? तर म्हणाल्या, पावसाळ्यातच रे, एरवी कोरडं असतं. आता बाथरूम तर बारा महिने वापरतात, मग गळती चारच महिने कशी? पाणी येत होतं बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून, बीमच्या कडेने सरकत आत. पाणी जिथे दिसतं तिथूनच ते शिरलेलं असतं असं नाही. म्हणून आधी ‘कधी’ विचारा, मग ‘कुठून’. आणि बाथरूमवर संशय असेलच तर ट्रॅप (पाणी वाहून जायची जाळी) बंद करून रंगीत पाणी साठवा, चोवीस तास थांबा, खाली रंग उतरतोय का बघा, मगच बोट दाखवा.

दुसरं म्हणजे रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर ठोकून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा) आंधळा विश्वास. हातात धरायला सोपा, आकडा लगेच मिळतो, सोसायटीवर इम्प्रेशनही पडतं, म्हणून पोरं दिवसभर ठोकत सुटतात. पण त्यावरून काढलेल्या स्ट्रेंग्थमध्ये २५ टक्के इकडे-तिकडे धरूनच चालायचं असतं, आणि जुन्या इमारतीत तर वेगळाच घोळ, कार्बोनेशनने (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून) काँक्रीटची वरची कातडी कडक झालेली असते त्यामुळे रीडिंग छान येतं आणि आत सळई गंजून फुगत असते. थोडंसं काँक्रीट ताजं फोडा, त्यावर फिनॉल्फथॅलीन (रंग बदलून दाखवणारं रसायन) मारा. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेलं राखाडीच राहतं. तो राखाडी पट्टा सळईपर्यंत पोचलाय का ते टेपने मोजा आणि फोटो काढा. एवढ्या एका फोटोने मीटिंगमधली निम्मी भांडणं मिटतात (उरलेली पार्किंगची असतात, त्याला इलाज नाही).

मग रिपोर्ट. ‘अनेक ठिकाणी तडे आढळले’ असं लिहिलं की संपलं, समोरचा वकील तुम्हाला भाजून खाईल. कुठला मजला, कुठली खोली, तडा आडवा की तिरका, रुंदी किती मिलिमीटर, तारीख काय, फोटोत शेजारी स्केल, हे सगळं हवं. ब्लॉकची भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यात सरळ उभा बारीक तडा असेल तर बहुतेक वेळा तिथे जाळी न लावताच प्लास्टर मारलेलं असतं, त्याला ‘इमारत धोकादायक’ म्हणून लोकांची झोप उडवू नका. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कळवलेला दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळे मूळ दोष कुठला, रहिवाशाने नंतर भिंत तोडल्यामुळे झालेला कुठला आणि वयोमानाने झालेला कुठला, हे तीन कप्पे वेगळे करा. बिल्डर सगळं तिसऱ्या कप्प्यात ढकलतो आणि सोसायटी सगळं पहिल्यात, आणि तुम्ही फी ज्याच्याकडून घेताय त्याच्या बाजूला हात आपोआप झुकतो, हे स्वतःलाही कळत नाही.

कागद तपासायचा कंटाळाही महागात पडतो. वर्क ऑर्डर एकाच्या नावावर आणि काम केलंय भलत्याच मुकादमाच्या गँगने, हे सर्रास चालतं. स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर (इमारत मजबूत असल्याच्या दाखल्यावर) सही करणाऱ्याचं महापालिकेचं लायसन्स त्या तारखेला चालू होतं का तेही बघा. आणि तुमचं लायसन्स झालं की न बघितलेल्या इमारतीवर सही मागणारे येतीलच, पाकीट घेऊन येतील, त्यांना चहासुद्धा विचारू नका.

राहिलं कोअर कटिंग, म्हणजे ताकद तपासायला काँक्रीटचा गोल तुकडा (कोअर) कापून काढणं. कव्हर मीटरने (काँक्रीटच्या आतली सळई दाखवणारं यंत्र) सळई शोधल्याशिवाय मशीन लावू नका, एकदा कॉलमची मेन सळई कापली गेली की दोष शोधायला आलेला माणूसच दोष करून गेला असं होतं. आणि एका कोअरवर निकाल देऊ नका, आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) कमीत कमी तीन मागतो, त्यांच्या ताकदीची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या निदान ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको. भोक त्याच दिवशी नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) बुजवा आणि बुजवल्याचाही फोटो काढा, नाहीतर पुढच्या पावसात तिथूनच गळायला लागलं की पहिला फोन तुम्हालाच येतो.