तालुक्याच्या कॉलेजवर बातमी करताय? या चुका टाळा

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याचं पान उघडा, कॉलेजच्या बातम्या भरपूर सापडतील. जयंती उत्साहात साजरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिराचा समारोप, गुणवंतांचा सत्कार आणि शेवटी ‘यशस्वितेसाठी परिश्रम घेतले’वाली लांबलचक यादी. त्याच कॉलेजात कुणाची शिष्यवृत्ती अडकलेली असते, कुणाची टीसी फीपायी अडवलेली असते. यावर कुणीच लिहीत नाही असं नाही. पण बरेचदा असं लिहिलं जातं की दुसऱ्या दिवशी कॉलेजचा खुलासा येतो, बातमी पडते आणि तक्रार करणारं पोरगं एकटं सापडतं. तालुक्यात बातमी मुलाच्या तोंडी सांगण्यावर नाही, कागदावर उभी करावी लागते. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं समजणं

‘भाऊ, माह्यं नाव टाकू नोका,’ असं विद्यार्थिनी सांगते. आपण नाव टाकत नाही, पण लिहितो, ‘अमुक गावची, बी.एस्सी. तृतीय वर्षाची, शेतमजूर आईची मुलगी’. त्या वर्गात त्या गावची मुलगी एकच असते. पेपर आल्याबरोबर स्टाफरूममध्ये नाव कळतं. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकाच्या वहीवरची सही, बोनाफाईड, टीसी, सगळं कॉलेजच्या हातात असतं. म्हणून गाव आणि वर्ग दोन्ही काढा. त्याहून बरं म्हणजे तीच अडचण असलेली आणखी मुलं गाठा आणि त्यांच्या अर्जांचे कागद समोर ठेवून बातमी करा. मग एकटीला बोलावून दटावता येत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. ग्रामीण भागात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय बरेचदा एकाच इमारतीत भरतं. आपण ‘कॉलेज तरुणी’ लिहून मोकळे होतो आणि ती बारावीची, 17 वर्षांची निघते. 18 वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार नाव आणि फोटोच नाही, तर पत्ता, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर असं ओळख पटवणारं काहीही छापता येत नाही. म्हणजे कॉलेजचं नावही नाही. मुलगी सज्ञान असली तरी बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलेली बातमीही यातून सुटत नाही.

‘कॉलेजने शिष्यवृत्ती खाल्ली’

हा मथळा देण्याआधी पैसा कुठे थांबलाय ते शोधा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथून पुढे विभागाकडे. अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असेल तर कॉलेजला विचारायचं. पुढे गेला असेल आणि विद्यार्थी अनुसूचित जातीचा असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना. आदिवासी विद्यार्थी असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला. विद्यार्थ्याला त्याच्या मोबाइलवर अर्ज उघडायला सांगा आणि स्थिती काय दाखवते ते स्वतः वाचा.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. इथे हमखास घोळ होतो. पोरगा पासबुक दाखवतो जिल्हा बँकेचं आणि आधार जोडलेलं असतं नंतर उघडलेल्या पोस्टाच्या खात्याला. पैसे तिकडे पडून असतात. उलट, पैसे यायच्या आधीच कॉलेजनं पूर्ण फी वसूल केली असेल तर ती खरी बातमी. त्यासाठी फीची पावती हवी. पावती दिलीच नाही, तर तेही लिहा.

स्कॉलरशिप आणि फ्रीशिपची गल्लतही नेहमीची. अनुसूचित जातीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती. त्याच्या वर फ्रीशिप, म्हणजे फक्त फीची माफी, आणि तिच्यात निर्वाह भत्ता मिळत नाही. तसंच ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ हे. जुलै 2024 चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क त्यात माफ होतं. मेस आणि खोलीभाडं त्यात नाही. मथळा वाचून साध्या बी.ए.ला प्रवेश घेणारी मुलगी खिडकीवर जाऊन भांडते आणि तिथला बाबूही तिलाच वेड्यात काढतो.

गळतीचं कारण घरातच शोधणं

मुलगी कॉलेज सोडते आणि आपण ‘पालकांची मानसिकता’ लिहितो. किंवा ‘विदर्भ’ म्हटलं की नापिकी आणि आत्महत्येचा परिच्छेद आपोआप चिकटवतो. एकदा एसटीच्या आगारात जाऊन वेळापत्रक बघा. प्रात्यक्षिकाची बॅच पाचला सुटते आणि गावाकडची शेवटची गाडी साडेचारची असेल, तर बापाच्या मानसिकतेवर काय लिहिणार? मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. पुढे सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. नेमक्या प्रथम वर्षातच मुली का कमी होतात, याचा एक धागा इथे आहे. तो कॉलेजच्या हजेरीपटाशी जुळवून बघायचं काम मात्र फार कमी जण करतात.

तक्रार अर्जाला गुन्हा म्हणणं

अर्ज दिला म्हणजे अॅट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा, दाखल झाली असं नाही. एफआयआरची प्रत हातात घ्या, कलमं त्यातून लिहा. 1989 च्या या कायद्यात तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, त्यामुळे ठाणेदारावर न थांबता उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना फोन करा.

जाहिरातीची भीती मनातच ठेवणं

तालुका वार्ताहराचं उत्पन्न बहुतेक जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. जूनमध्ये प्रवेशाची जाहिरात संस्थाच देते, 15 ऑगस्टचीही तीच देते, आणि संस्थाध्यक्ष नि आमदार एकाच घरातले असणं आपल्याकडे नवीन नाही. याचं सोवळं पाळून उपयोग नाही. जिल्हा कार्यालयाला आधीच सांगा, बातमी तालुक्याच्या नावानं न सोडता जिल्हा प्रतिनिधीच्या नावानं घ्यायला लावा. प्राचार्यांना प्रश्न लेखी पाठवा आणि पोच घ्या, म्हणजे ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणता येणार नाही. उत्तर आलं तर त्याच बातमीत, पूर्ण छापा.

तोंडी काहीच मिळत नसेल तर माहिती अधिकार आहेच. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, शुल्क 10 रुपये. अनुदानित कॉलेजात जनमाहिती अधिकारी असतो. विनाअनुदानित असेल तर तीच माहिती विद्यापीठाकडून किंवा समाजकल्याणकडून मागवा. अर्ज स्वतःच्या नावानं करा, विद्यार्थ्याच्या नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका. बरीच उत्तरं अपिलाची नोटीस गेल्यावरच निघतात.