पत्ते उचलले की आधी दुसरी बोली ठरवा

ब्रिज खेळताना पत्ते उचलले की गुण मोजा: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. हे कुणाला सांगायला नको. मेंढीकोटावर वाढलेल्यांना एकच टोचणी. तिथे दश्शीसाठी जीव टाकतो आपण, इथे तिला शून्य गुण. तरी राणी-गुलामाच्या जोडीची दश्शी आणि तिर्री-चव्वीत पडलेली दश्शी एका मापाने मोजू नका. पत्ते तेरा आहेत का तेही बघा. झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. पेटीतून पहिलं बोलीचं कार्ड (सहाच्या वर किती दस्त, कोणत्या हुकुमात, हे सांगणारं) काढायच्या आधी दुसरी बोली ठरलेली पाहिजे. मागच्या स्पर्धेत माझं नेमकं हेच राहिलं आणि भिडू दोन दिवस नीट बोलला नाही. म्हणून हा हात बघा: इस्पिकची एकटी सत्ती, बदाम राजा, छक्की, चव्वी, चौकट एक्का, गुलाम, अठ्ठी, तिर्री, किलवर एक्का, गुलाम, नव्वी, पंजी, दुर्री. गुण १३. पाच पत्ते किलवरचे, म्हणून हात आपोआप ‘एक किलवर’कडे जातो. भिडू ‘एक बदाम’ म्हणाला तर निभतं, दोन बदाम देता येतात. पण तो इस्पिकच म्हणणार, कारण जे आपल्याकडे नाही ते त्याच्याकडे असण्याचीच शक्यता जास्त. आता काय? दोन चौकट म्हणालात तर तो रिव्हर्स झाला, म्हणजे पहिल्यापेक्षा वरच्या रंगाची, ताकद दाखवणारी दुसरी बोली. त्याला साधारण १७ गुण लागतात, कारण भिडूला किलवरवर परतायचं तर तीनची पायरी चढावी लागते. एक नो ट्रंप (हुकुमाशिवायची बोली) म्हणालात तर भिडूच्याच रंगात एकटा पत्ता लपवला. दोन किलवर म्हणालात तर तो सहा पत्ते धरून चालणार. म्हणजे तिन्ही बोल्या खोट्या.

माझं मत: असा हात ‘एक चौकट’ने उघडा, मग दोन किलवर. हेही थोडं खोटंच आहे, कारण भिडू चौकट लांब धरेल आणि कधीकधी चार पत्त्यांच्या हुकुमात अडकवेल. पण हे खोटं स्वस्त पडतं. चौकटीत नुसती नव्वी-सत्ती असेल आणि किलवर भरभक्कम, तर किलवरनेच उघडून पुन्हा किलवर म्हणणं बरं. काहीही करा, ठरवा आधी. १-४-४-४ वाटणीत, इस्पिक एकटं असेल तेव्हाही हेच: चौकटीने उघडा, दोन किलवर हाताशी राहतं.

आधी ठरवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते लोक हसण्यावारी नेतात. दुसऱ्या वेळी तुम्ही छताकडे बघत बसलात आणि शेवटी पास दिला, की अडचण आहे हे चौघांनाही कळलं. ब्रिजच्या १६व्या नियमाप्रमाणे भिडूला त्या थांबण्याचा फायदा घेता येत नाही. समोरच्यांनी डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावलं आणि भिडूने तो फायदा घेतला असं ठरलं तर त्या हाताचा निकाल बदलला जाऊ शकतो. विचार करायचाय ना? पहिल्या बोलीआधी करा.

बोर्डावरचा लाल रंग बघा. आयएमपीवर (संघांच्या सामन्यात गुणांच्या फरकावरून मिळणारे गुण) व्हल्नरेबल असाल, म्हणजे तुमच्या बाजूला लाल असेल आणि बक्षीस-दंड दोन्ही मोठे असतील, तर इस्पिक-बदामाचा गेम (चारची, बोनस मिळवून देणारी बोली) जेमतेम ३७-३८ टक्के शक्यतेलाही लावावा, नसाल तर ४५ टक्के लागतात. चार इस्पिक जमले की ६२०, खाली राहून दहा दस्त केले तर १७०. फरक १० आयएमपींचा. एकाने बुडालात तर नुकसान ६ चं. मॅचपॉइंटवर, म्हणजे किती जोड्यांना मागे टाकलं एवढंच मोजतात तिथे, हे गणित चालत नाही. तिथे निम्म्याहून जास्त वेळा जमेल तेच बोला.

समोरच्यांनी मध्येच तोंड घातलं तर डबलचा (मुळात त्यांच्या बोलीचा दंड वाढवणाऱ्या कार्डाचा) अर्थ काय, हे भिडूशी बसून ठरवा. आपण एक चौकट, त्यांनी एक इस्पिक, भिडूचं डबल: हे दंडाचं नाही, बदाम दाखवणारं. १९५७ साली अल्विन रॉथ यांनी हे डबल रूढ केलं आणि त्याच वर्षी स्पुटनिक उडाल्यामुळे तेच नाव पडलं. त्यांनी थेट तीन इस्पिकने उघडलं आणि तुमच्याकडे १६ गुण, बदाम-चौकट पाच-पाच? डबलचं कार्ड उचलू नका. भिडू चार किलवर म्हणणार, आणि तुमच्याकडे दुसरी बोली नसणार. सरळ चार बदाम. काहून पुन्हा पुन्हा सांगतोय ते आता कळलं असेल.

स्लॅमबद्दल, म्हणजे बारा किंवा तेरा दस्तांच्या बोलीबद्दल, थोडक्यात. किलवर हुकूम ठरला असताना चार नो ट्रंप विचारून एक्के मोजायचे असतील तर आधी बघा, एकच एक्का निघाला तर काय. साध्या ब्लॅकवुडमध्ये (एक्के विचारण्याच्या या पद्धतीत) उत्तर पाच चौकट येतं, पाच किलवर मागे पडतं, आणि सहावर जायचं का बुडायचं एवढंच उरतं. इथेही दुसरी बोलीच.

चष्मा, पाणी, कन्व्हेन्शन कार्डाच्या (भिडूशी ठरलेल्या बोल्यांच्या यादीच्या) दोन प्रती, घ्याच. वरचे हात निघायच्या आदल्या रात्री भिडूला फोनवर वाचून दाखवा आणि त्याची दुसरी बोली विचारा. नाही जुळली तर गाडीत जुळवा, नांदेड ते पुणे रात्र पडलेली असते.