सेबा बेटावर जाताय? औषधांच्या बाबतीत या चुका टाळा

कॅरिबियनमधलं सेबा बेट अवघं 13 चौरस किलोमीटरचं. द बॉटम नावाच्या गावात एक छोटं इस्पितळ आहे, पण दुखणं गंभीर असलं की पेशंटला शेजारच्या सिंट मार्टेन बेटावर हलवावं लागतं. विमानतळाची धावपट्टी 400 मीटरची, वारं बिघडलं की विमानं खोळंबतात. म्हणून पहिली चूक स्वस्तातला विमा घेण्याची. पॉलिसीत पेशंटला बेटाबाहेर हलवण्याचा खर्च धरलाय का, आणि पाण्यात डायव्हिंग करणार असाल तर तेही त्यात बसतं का, हे बारीक अक्षरांत शोधा.

माझा भाचा तिथल्या मेडिकल कॉलेजात होता. ताई त्याला भेटायला निघाली तेव्हा तिची औषधांची पिशवी मी उपसली. बीपीच्या गोळ्यांची पट्टी केमिस्टने कात्रीने कापून दिलेली. औषधाचं नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर गेलेली, हिच्याकडे उरलं होतं ‘सर्व करांसह’ एवढंच! इथं ‘ती छोटी गुलाबी गोळी द्या’ म्हटलं की भागतं, तिथं कोण ओळखणार? अख्ख्या पट्ट्या घ्या, आठवडाभर पुरतील एवढ्या जास्तीच्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी टाइप करून घ्या आणि तीत ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव असू द्या. डोलो, क्रोसिन ही नावं तिथं कुणाला कळायची नाहीत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकन डब्यांवर ॲसिटामिनोफेन असतं.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका. ते गोठलं तर वाया जातं, शिवाय छोट्या विमानात बॅग मागे राहू शकते. घड्याळ साडेनऊ तास मागे जातं, तेव्हा प्रवासाच्या दिवशी डोस कधी घ्यायचा ते निघण्याआधीच विचारून ठेवा. वीज 110 व्होल्टची आहे, घरचा नेब्युलायझर त्यावर चालेलच असं नाही.

ताप आला की कॉम्बिफ्लामकडे हात जातो, आणि त्यात आयब्युप्रोफेन असतं. तिकडे डेंग्यू आहे. तो नाही हे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सकाळी डायव्हिंग आणि दुपारी माउंट सीनरी डोंगराची चढाई हा बेत तर अजिबात नको. शिखर जवळपास 900 मीटर उंच आहे. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन उंचावर बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो. आधी डोंगर, मग समुद्र. परतीच्या विमानाआधीही किमान 18 तास पाण्याबाहेर राहा.

आणि क्रिकेटवेड्यांनो, येताना त्रिनिदाद करणार असाल तर पीतज्वराची (यलो फीवरची) लस सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्या. लस टोचल्यानंतर 10 दिवसांनी तिचा दाखला लागू होतो. तो नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ताईने हा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टच्या कव्हरात ठेवलं होतं, तेच बरं.