जुन्या गाडीची पुढची काच : दोरीने बसवली, तिसऱ्यांदा जमली

पाऊस पडला की पायाशी पाणी साचायचं. काचेभोवतीचं रबर दगडासारखं कडक झालं होतं. ते वाचवायचा मोह सोडला आणि ब्लेडने सरळ कापून काच बाहेर काढली. खरा चोर खाली लपला होता: चौकटीच्या पत्र्याच्या कडेला गंज. तो खरवडला, प्रायमर आणि रंग दिला, पूर्ण वाळू दिला. इथे घाई केली तर नवं रबरही गळणारच.

नवं रबर आधी काचेवर चढवलं. पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत ४-५ मिमी जाडीची नायलॉनची दोरी फिरवली, दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला सोडली. रबराला साबणाचं पाणी. बाहेरून भावाने तळहाताने दाबायचं, आतून मी दोरी ओढायची. रबराची कड पत्र्यावर उलटत जाते.

पहिल्यांदा दोरी तुटली. दुसऱ्यांदा कोपऱ्यात जोर लावला आणि काच कुरकुरली, तिथेच थांबलो. (लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली काच, कडेला दाबली की तडकते, म्हणून ठोकाठोकी नकोच.) रबर तासभर उन्हात ठेवलं, मऊ पडलं, मग बसली.

सिलिकॉन मी वापरलं नाही. आंबट वासाच्या सिलिकॉनमधून ॲसेटिक आम्ल सुटतं, पत्रा पुन्हा गंजतो. कायम मऊ राहणारं सीलंट रबराच्या ओठाखाली भरलं, काच-रबर आणि रबर-पत्रा दोन्हीकडे. पाइपने पाणी खालून वर मारत तपासलं. डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला, तिथे पुन्हा सीलंट भरलं.